एक लिटर हवा आणि शंभर वर्षांचा गाळ

एक लिटर हवा घ्या आणि पाण्याच्या तळाशी नेऊन सोडा. ती दोन सेंटिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांतून वर आली तर साधारण २४० बुडबुडे होतात आणि त्या सगळ्यांचं मिळून पृष्ठफळ भरतं ०.३ चौरस मीटर. देवघरातल्या चौरंगाएवढं. आता तीच हवा दोन मिलिमीटरच्या बुडबुड्यांतून सोडा. बुडबुडे होतात जवळपास २ लाख ४० हजार आणि पृष्ठफळ ३ चौरस मीटर, म्हणजे चार माणसं जेवायला बसतील एवढी सतरंजी. हवा तेवढीच. शिवाय लहान बुडबुडा रमतगमत वर येतो, मोठा धडपडत निघून जातो. म्हणजे लहानाला पाण्यात राहायला वेळही जास्त मिळतो.

हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो या पृष्ठफळातूनच. त्यामुळे हवेचे बारीक बुडबुडे करणारी वस्तू ही वाटते तेवढी किरकोळ नाही. तिचं नाव डिफ्युझर. फिश टँकमधला तो खडबडीत निळा दगड पाहिला असेल, ज्याला नळी जोडलेली असते? तो डिफ्युझर. शहराचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाकीच्या तळाशी रबरी ताटल्यांची रांग असते, तीही डिफ्युझरची.

नावावरून घोळ होऊ नये म्हणून सांगतो. याच नावाच्या आणखी दोन वस्तू आपल्या आसपास असतात. ऑफिसच्या छताला एसीची चौकोनी जाळी असते, तोही एअर डिफ्युझर. थंड हवेचा झोत थेट डोक्यावर न पडता छताला चिकटून पसरावा आणि खोलीतल्या हवेत मिसळून मग खाली यावा, अशा कोनात त्याच्या पट्ट्या वळवलेल्या असतात. वाहती हवा जवळच्या पृष्ठभागाला चिकटून वाहते, या गुणाला कोआंडा परिणाम म्हणतात. आणि हल्ली दिवाळीत एकमेकांना भेट देतात तो सुगंधाचा डिफ्युझर. त्यातली छोटी चकती प्रचंड वेगानं थरथरते आणि पाण्याचं धुकं करते. तिन्हींचं काम एकच, एका जागी असलेलं काहीतरी पसरवणं. पण इतिहास आहे तो पाण्याखालच्या डिफ्युझरला, आणि मला तोच सांगायचाय.

आधी पाण्याची गरिबी समजून घेऊ. ३० अंश तापमानाच्या एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. त्याच तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम मावतो. म्हणजे मासा आपल्यापेक्षा पस्तीसेक पट गरीब जागेत संसार करतो. पाणी तापलं की ही पुंजी आणखी घटते. २० अंशांना नऊ मिलिग्रॅमच्या आसपास असलेला आकडा ४० अंशांना साडेसहाच्याही खाली येतो. मी नांदेडचा आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२–४३ वर जातो. उन्हानं पाण्यातल्या प्रत्येक जिवाची भूक वाढलेली असते आणि नेमकं तेव्हाच पाण्याच्या खिशात सगळ्यात कमी पैसे असतात.

निसर्ग ही पुंजी भरतो ती पाणी आपटून. आमच्या जिल्ह्याच्या सीमेवर पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे. पावसाळ्यात तिथे पाणी काळ्या खडकावरून उडी मारतं आणि दुधासारखं पांढरं होतं. तो पांढरा रंग म्हणजे बुडबुडेच. लाखो, कोट्यवधी. वीजबिलाशिवाय चालणारा एवढा मोठा डिफ्युझर दुसरा नाही. अडचण अशी की माणसं शहरं वसवतात ती धबधब्याखाली नाही, संथ पाण्याच्या काठावर.

*

संथ पाण्याच्या काठावरचं शहर काय करतं? नाल्यातून घाण नदीत सोडतं. नदीतले जिवाणू ती घाण खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. घाण थोडी असेल तर नदी झेपवते. जास्त झाली की ऑक्सिजन संपतो, मासे मरतात, आणि मग ऑक्सिजनशिवाय जगणारे दुसरे जिवाणू ताबा घेतात. सडक्या अंड्यासारखा वास यायला लागतो तो त्यांच्यामुळे.

घाण मोजायची पद्धतही यावरूनच आली. घाण किती आहे हे विचारण्यापेक्षा ती किती ऑक्सिजन खाईल हे विचारायचं. याला बीओडी म्हणतात. ब्रिटनच्या रॉयल कमिशननं १९१२ साली नदीत सोडायच्या पाण्यासाठी याचं प्रमाण सुचवलं. चाचणी पाच दिवसांची. का पाच? तर तिकडच्या नद्या उगमापासून समुद्राला मिळायला त्याहून जास्त वेळ घेत नाहीत म्हणून, असं सांगतात. त्र्यंबकेश्वरला उगम पावून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळणाऱ्या गोदावरीला हा हिशेब विचारून पाहा! आपल्याकडे आता ही चाचणी २७ अंशांवर तीन दिवसांची करतात. उन्हाच्या देशात जिवाणू लवकर जेवतात.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कापडगिरण्यांची शहरं वाढली तशी तिथली नदी मेली. सांडपाण्यात हवा फुंकली तर ते सुधारेल, ही कल्पना अनेकांना सुचली होती. रॉबर्ट अँगस स्मिथ नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८८२ च्या सुमारास असे प्रयोग केले. हे तेच स्मिथ, ज्यांनी ‘अॅसिड रेन’ हा शब्द रूढ केला. पण हवा फुंकून पाणी शुद्ध व्हायला आठवडेच्या आठवडे लागायचे. रोज लाखो लिटर पाणी येत असताना एवढा वेळ थांबवून ठेवायचं कुठे? त्यामुळे कल्पना बरोबर असूनही निरुपयोगी ठरत होती.

मँचेस्टरचे गिल्बर्ट फाउलर १९१२ मध्ये अमेरिकेला गेले होते. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स प्रयोग केंद्रात त्यांनी सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग पाहिले. परत येऊन त्यांनी डेव्हीहल्म इथल्या सांडपाणी केंद्रातल्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांना तसं करून पाहायला सांगितलं.

दोघांनी काचेच्या बाटल्यांत सांडपाणी भरलं, उजेडानं शेवाळ धरू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळला आणि हवा सोडायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला पूर्ण शुद्ध व्हायला पाच आठवडे लागले. इथपर्यंत नवीन काहीच नव्हतं. पुढे त्यांनी जे केलं ते कुठल्याही मराठी घरात रोज रात्री होतं.

वरचं स्वच्छ पाणी त्यांनी ओतून दिलं, पण तळाचा गाळ तसाच ठेवला. त्यात नवं सांडपाणी घातलं. हवा सोडली. या वेळी कमी दिवस लागले. पुन्हा वरचं पाणी काढलं, गाळ ठेवला, नवं पाणी घातलं. आणखी कमी. असं करत करत आठवड्यांचं काम दिवसावर आणि मग काही तासांवर आलं. हे विरजणच आहे. आज्जी कालचं चमचाभर दही बाजूला काढून ठेवते आणि आजच्या दुधाला लावते. रोज नव्यानं दुधाचं आपोआप दही होण्याची वाट पाहिली तर काय होईल? ते नासेल. आर्डर्न आणि लॉकेटच्या आधीचे लोक शुद्धीकरण झालं की गाळ घाण म्हणून टाकून देत होते. खरं तर त्या गाळातच काम करणारी वस्ती होती. दरवेळी ते अख्खं गाव उठवत होते आणि मग नवं गाव वसण्याची वाट पाहत होते.

३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरमध्ये त्यांनी यावरचा निबंध वाचला. त्या गाळाला नाव दिलं ‘अॅक्टिव्हेटेड स्लज’, म्हणजे जागा झालेला गाळ. शेजारच्या सॅलफर्डमध्ये त्याच वर्षी मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाला आणि १९१६ मध्ये वूस्टर शहरात सतत चालणारं केंद्र उभं राहिलं. मधल्या काळात पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं, तरीही. आज जगातली बहुतांश मोठी शहरं या नाही तर त्या रूपात हीच पद्धत वापरतात.

निबंधावर फाउलर यांचं नाव नाही. प्रयोग त्या दोघांनी केले, निबंधही त्यांचाच. मला हा माणूस आवडण्याचं हे एक कारण. दुसरं कारण असं की १९१६ मध्ये ते इंग्लंड सोडून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

*

शाळेत आपल्याला शिकवलेला विज्ञानाचा इतिहास असा असतो की तिकडे शोध लागतो आणि पन्नासेक वर्षांनी तो आपल्याकडे झिरपतो. इथे मात्र शोधामागचा माणूसच दोन वर्षांत इथे येऊन राहिला. बंगळूरला फाउलर यांना सांडपाण्यापेक्षा जास्त ओढ लागली ती नत्राची. जमिनीतून धान्यात, धान्यातून माणसात आणि माणसातून गटारात जाणारा नत्र पुन्हा जमिनीत कसा न्यायचा, हा त्यांचा प्रश्न. जागा झालेला गाळ नत्र धरून ठेवतो, म्हणजे ते खत आहे, हे त्यांनी इथल्या सहकाऱ्यांबरोबर तपासलं. १९२० च्या दशकात टाटांच्या जमशेदपूरमध्ये या पद्धतीचं केंद्र चालत होतं. पोलाद कारखान्याच्या गावाला गटाराचं शास्त्र कळलं होतं, तेही तेव्हाच्या अनेक मोठ्या शहरांच्या आधी.

या धाग्याचं एक टोक होळकरांच्या इंदूरला जातं. तिथल्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड कंपोस्टवर काम करत होते. दोघांचं पुस्तक १९३१ मध्ये आलं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. सेंद्रिय शेतीवाले हॉवर्डचं नाव घेतात, वाडांचं फारसं कोणी घेत नाही. त्या पुस्तकात फाउलर यांच्या प्रयोगांचीही चर्चा आहे. इंदूर पद्धतीत ढीग ठरावीक दिवसांनी उलथापालथ करावा लागतो. का? आत हवा जावी म्हणून. म्हणजे तिथे डिफ्युझरचं काम फावडं करतं.

पुढचा इतिहास पैशांचा आणि रबराचा आहे, तो पटकन सांगतो. या पद्धतीचे पेटंट एका इंग्रज कंपनीनं घेतले आणि त्यावरून अमेरिकेत मोठा खटला झाला. मिलवॉकी शहराचं केंद्र पेटंटचा भंग करतं असा निकाल लागला. पण १९३४ मध्ये अपील न्यायालयानं केंद्र बंद करायला नकार दिला, कारण ते बंद केलं तर शहराची सगळी घाण मिशिगन सरोवरात गेली असती. भरपाई द्या, पण पाणी शुद्ध करत राहा. सॉफ्टवेअर पेटंटच्या भांडणांत असं शहाणपण क्वचित दिसतं.

सुरुवातीचे डिफ्युझर सच्छिद्र फरश्यांचे असत, भाजलेल्या मातीच्या किंवा वाळू चिकटवून केलेल्या. छिद्रं बारीक, म्हणून बुडबुडे छान. पण हवा थांबली की त्याच छिद्रांत गाळ शिरे आणि ती बुजत. मग आली रबराची ताटली. तिला सुईच्या टोकाएवढे काप दिलेले असतात. खालून हवेचा दाब आला की रबर फुगतं आणि काप उघडतात, हवा थांबली की ते मिटतात. जिवणीसारखे. हवा पुरवणारं यंत्र मात्र अजून जुनंच आहे. दोन आठच्या आकाराचे लंबगोल एकमेकांना न शिवता फिरतात आणि हवा ढकलतात. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८५० च्या दशकात आपल्या लोकरीच्या गिरणीसाठी सुधारित पाणचक्की करताना हे शोधलं. पाणचक्की म्हणून ते चाललं नाही, हवा फुंकायला मात्र असं चाललं की अजून थांबलेलं नाही.

*

कारखान्यांतल्या उपयोगांची यादी लांबलचक आहे आणि यादी वाचायला कोणालाच आवडत नाही. एकच घेतो, पुण्याजवळच्या पिंपरीचा.

पेनिसिलिन बुरशीतून येतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण फ्लेमिंगनं १९२८ मध्ये ते पाहिलं आणि औषध म्हणून ते मुबलक मिळायला दुसऱ्या महायुद्धाचा शेवट उजाडला, याचं एक मोठं कारण हवा होतं. बुरशीला ऑक्सिजन लागतो, म्हणून ती द्रवाच्या पृष्ठभागावर साय धरल्यासारखी वाढते. ऑक्सफर्डमध्ये त्यासाठी दुधाच्या बाटल्या आणि रुग्णांच्या बेडपॅनसारखी भांडी वापरली गेली. हजारो भांडी, प्रत्येकात साय एवढीशी. मग अमेरिकेत मार्ग निघाला. बुरशी मोठ्या टाकीत बुडवून वाढवायची आणि निर्जंतुक केलेली हवा तळातून सोडायची. वरून फिरणारी पाती बुडबुडे आणखी फोडतात. १९४४ मध्ये ब्रुकलिनमध्ये अशा खोल टाक्यांचा मोठा कारखाना सुरू झाला. दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन निघू लागलं. आपल्या आज्जी-आजोबांच्या पिढीत न्यूमोनियातून उठलेली कितीतरी माणसं त्या टाक्यांच्या तळातून निघालेल्या बुडबुड्यांची देणेकरी आहेत.

*

आता लातूर.

अकरावी-बारावीला मी लातूरला होतो. मराठवाड्यातला मार्क मिळवणारा पोरगा लातूरला जातो, ‘लातूर पॅटर्न’चं हे अलिखित कलम आहे. माझी बारावी २०१६ ची. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि नळ ही फक्त भिंतीला लावलेली वस्तू उरली होती. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागली. कलम १४४ मी नागरिकशास्त्राच्या पुस्तकाबाहेर पहिल्यांदा पाहिलं ते घागरींच्या रांगेसाठी. मेसवाल्या काकूंनी स्टीलची ताटं बंद करून पत्रावळ्या आणल्या. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, ५ लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. आम्ही सीईटीचे पेपर सोडवत होतो आणि बाहेर सगळं जग लातूरचे फोटो काढत होतं.

एक हिशेब मी बऱ्याच वर्षांनी मांडला. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजार आहे. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं हा आपल्या देशातला सरकारी मापदंड. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं अभियंते धरतात. गुणाकार केला तर दिवसाला ४ कोटी लिटरच्या वर सांडपाणी होतं. म्हणजे त्या पाण्याच्या रेल्वेच्या सोळा खेपा, रोज. दुष्काळात पाणीच मिळत नव्हतं तेव्हा सांडपाणीही एवढं नव्हतं, हे उघड आहे. पण बऱ्या वर्षांत ते असतं. बऱ्या वर्षांत आपण रोज सोळा गाड्या भरून गटारात सोडतो आणि वाईट वर्षी एक गाडी साडेतीनशे किलोमीटरवरून मागवतो.

ते पाणी प्या असं मी म्हणत नाहीये. नागपूरनं काय केलं ते पाहा. भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीजकेंद्राला द्यायला सुरुवात केली, दिवसाला १३ कोटी लिटरची योजना. वीजकेंद्राला पाणी लागतं ते मुख्यतः थंड होण्यासाठी, त्याला चवीशी देणंघेणं नाही. तेवढं धरणाचं पाणी माणसांना उरतं. सांडपाण्याच्या शास्त्रात आपल्या देशातली मोठी संस्था, नीरी, नागपुरातच १९५८ पासून आहे. योगायोग असेल, पण मला तसं वाटत नाही.

आमच्या नांदेडला २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्याआधी केंद्राच्या नगर पुनर्निर्माण योजनेत महाराष्ट्रातली जी मोजकी शहरं निवडली गेली त्यात मुंबई-पुण्याबरोबर नांदेड होतं. रस्ते झाले, घाट झाले, मलनिःसारणाची कामंही निघाली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि मला फक्त रोषणाई आठवते. घाट दिसतो, त्याचा फोटो निघतो. तळाशी पडलेल्या रबरी ताटल्यांचं उद्घाटन कोण करणार? आणि उद्घाटन झालं तरी पुढे रोजचं वीजबिल असतं. सांडपाणी केंद्राच्या विजेपैकी अर्धी किंवा त्याहून जास्त वीज एकट्या हवा फुंकण्यात जाते. केंद्र बांधायला निधी मिळतो. ब्लोअर रात्रभर चालवायला निधी मिळतो का, हा खरा प्रश्न.

*

हवा थांबली की काय होतं, हे माझ्या मावसभावाला विचारा. तो अहमदपूर तालुक्यातला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यानं यूट्यूबवर बायोफ्लॉक पाहिलं. ताडपत्रीच्या गोल टाक्या, प्रत्येकी दहा हजार लिटर, त्यात दाटीवाटीनं मासे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. पाण्यात गूळ किंवा मळी घातली की जिवाणू तो अमोनिया खाऊन वाढतात, त्यांचे पुंजके होतात आणि मासे ते पुंजकेच खातात. पाणी बदलावं लागत नाही, खाद्य वाचतं. योराम अवनिमेलेक या इस्रायली शास्त्रज्ञानं हे शास्त्र रुजवलं. बारकाईनं पाहिलं तर हा मँचेस्टरचाच जागा झालेला गाळ आहे, फक्त त्यात मासे सोडलेत.

दुष्काळी तालुक्यासाठी याहून चांगलं काय असणार? दादानं पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि चार टाक्या टाकल्या.

पण साध्या तळ्यात फक्त मासे श्वास घेतात, इथे मासे आणि अब्जावधी जिवाणू असे दोघेही घेतात. एका जूनच्या वादळात लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी तासाभरात बसली. टाक्या विकणाऱ्यानं सांगितलं होतं, चार तास काही होत नाही.

“सगळे वर आले होते,” दादा सांगतो. “तोंडं उघडून. पाण्यातला जीव हवेसाठी तोंड वासतोय, बघवत नाही रे. मी अन् तुझी वहिनी बादलीनं पाणी वर उचलून टाकीत आपटत होतो. दोघंजण, चार टाक्या. किती आपटणार?”

सहस्रकुंडाचं काम ते दोघं बादलीनं करत होते. पहाटेपर्यंत तीन टाक्या गेल्या. चौथीत देशी मागूर होते. मागूर पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो, त्याच्या कल्ल्यांजवळ तशी सोय असते. ते वाचले.

मी त्याला विचारलं, आता पुन्हा करशील का. तो म्हणाला, “कामून नाही? पण आधी जनरेटर, मग मासे.” सध्या तो शेततळ्यात रोहू-कटला पाळतो, कमी दाटीनं. दर पहाटे चारला उठून तळ्यावर जातो. रात्रभर शेवाळही ऑक्सिजन वापरत असतं, त्यामुळे पुंजी सगळ्यात कमी असते ती पहाटे. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

*

मी पुण्यात ज्या सोसायटीत भाड्यानं राहतो तिच्या तळघरात सांडपाणी केंद्र आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनंतर २० हजार चौरस मीटरवरच्या बांधकामांना मंजुरी लागते आणि मंजुरीच्या अटींत हे केंद्र येतं. म्हणजे तुम्ही मोठ्या सोसायटीत राहत असाल तर बहुधा तुमच्या गाडीच्याच मजल्यावर १९१४ चा शोध घरघरतोय. रहिवाशांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याची आठवण दोनदा निघते, वास आला की आणि बिल आलं की. मागच्या वर्षी रात्री ब्लोअर बंद ठेवायचा ठराव आला होता. आवाज होतो आणि बिल वाचेल.

केंद्र सांभाळणारा मुलगा लोहा तालुक्यातला निघाला. मी नांदेडचा हे त्यानं माझ्या बोलण्यावरूनच ओळखलं आणि ‘सर’चं ‘भाऊ’ झालं. “भाऊ, रात्री बंद केलं तर सकाळपर्यंत टाकी सडती,” तो म्हणाला. “मग वास मारला की मलाच बोलणार, अन् आत उतरायची वेळ आली तर मलाच उतरवणार.”

हे शेवटचं वाक्य त्यानं सहज म्हटलं. ऑक्सिजन संपलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असेल तर वास येतो. जास्त असेल तर नाकच बधिर होतं, वास येणं थांबतं आणि माणसाला वाटतं धोका टळला. देशात सेप्टिक टँकमध्ये आणि गटारात माणसं मरतात ती अशी. बहुतेक वेळा दुसरा पहिल्याला काढायला उतरतो आणि तोही परत येत नाही. माणसाला असं उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये गटारात मृत्यू झाल्यास भरपाई ३० लाख केली. तरी बातमी येत राहते. बातमीतली आडनावं कोणत्या वस्त्यांतली असतात हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही.

ठराव पास झाला नाही. मी सभेत बीओडीचं गणित मांडलं होतं, पण उपयोगी पडलं ते त्या मुलानं आणलेलं एक लिटरचं काचेचं नळकांडं. तो रोज सकाळी करतो तेच त्यानं सगळ्यांसमोर केलं. टाकीतलं तपकिरी पाणी भरलं आणि अर्धा तास टेबलावर ठेवलं. चहा येईपर्यंत गाळ खाली बसत गेला आणि वर पाणी नितळ झालं. आर्डर्न आणि लॉकेट बाटलीत जे पाहत बसायचे तेच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जवळ येऊन वाकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, “आणि हा खालचा चिखल टाकून देता का?”

“नाही काकू,” तो म्हणाला, “तो परत टाकीत.” आणि त्यानं वहीत आकडा लिहिला, तीनशे दहा.